भरपूर पाणी प्यायचं, पण जायचं कुठे?

संपादक महोदय,

उन्हाळा तापला की सगळ्या वर्तमानपत्रांत ‘भरपूर पाणी प्या’ अशी चौकट येते. मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्याच दिवसांत लघवीला आग होते म्हणून आमच्याकडे बायकांची रांग लागते. ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा आणि धण्या-जिऱ्याचं पाणी घेऊन झालेलं असतं, मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्याही झालेल्या असतात. दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद, आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच दुखणं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असं झालं तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी ही रेघ केव्हाच ओलांडून गेलेल्या असतात, पण घरी बोलायची सोय नसल्याने मोजलंय कोणी?

वर ‘स्वच्छता ठेवत नसशील’ हे ऐकून घ्यायचं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट लांब. बहुतेक वेळा संसर्ग करणारा ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला जंतू, त्याला मूत्राशय गाठायला फार चालावं लागत नाही. शौचानंतर पुढून मागे धुवावं, संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, हे खरं. पण जंतुनाशक घातलेल्या पाण्याने किंवा सुगंधी ‘वॉश’ने रोज धुणाऱ्या बायका पाहिल्या की हात जोडावेसे वाटतात. त्याने तिथले संरक्षण करणारे चांगले जंतूच मरतात.

पाण्याचा सल्ला मात्र पोकळ नाही. वारंवार त्रास होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर बल्गेरियात अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसतं पाणी. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.)

आता हे पाणी प्यायचं कोणी? सकाळी सातला अर्धा कप चहा घेऊन निघणारी शिक्षिका, बाजारात भाजी घेऊन बसणारी मावशी, दिवसभर गाडीत उभी असणारी कंडक्टर यांच्यापैकी कोणालाही विचारा. बाटली पर्समध्ये असते, पण ती उघडत नाहीत. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला एकतर कुलूप, नाहीतर आत पाय ठेववत नाही. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली, तेव्हा मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, ही मुख्य तक्रार होती. आमच्याकडे पैसे द्यायची तयारी आहे, जागाच नाही.

थोडं माझ्या कामाविषयी. लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी म्हणजे कल्चर. त्याच्या बशीत आम्ही औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतो. जंतू औषधाला दाद देत असतील तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं. सिप्रोफ्लोक्सासिनच्या चकतीला अगदी चिकटून जंतू वाढलेले दिसणं हे आता रोजचंच झालंय. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती अजून बऱ्याचदा वर्तुळ दिसतं, तेवढाच दिलासा. म्हणून दुखणं परतून आलं तर गोळी सुरू करण्याआधी कल्चर करा. नमुना लॅबमधल्या निर्जंतुक डबीतच द्या, खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या आणि तासाभरात पोचवा. उलट, काहीच त्रास नसताना रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून कोर्स घेऊ नका. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिला त्रास नसला तरी उपचार लागतात. आणि थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागलं, तर कल्चरच्या रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पाळी गेलेल्या बायकांना तर कोणी वालीच नाही. साखर तपासतात, ते योग्यच, पण तिथेच थांबतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो आणि संसर्ग वाढतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात योनीत इस्ट्रोजेनची क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, नुसती औषधविरहित क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतकी जुनी गोष्ट, तरी साठीतल्या बाईला याबद्दल कोणी अवाक्षर सांगत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं, बाकीच्यांनी निदान विचारून तरी पाहावं. क्रॅनबेरीने काही जणींना फायदा होतो. डी-मॅनोज या एका प्रकारच्या साखरेच्या महागड्या पुड्यांचा उपयोग ब्रिटनमधल्या २०२४ च्या चाचणीत दिसला नाही, ते पैसे वाचवा.

नगरपालिका आणि आगारप्रमुखांना एकच विनंती. नवं स्वच्छतागृह बांधाल तेव्हा बांधा, पण आहे त्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, ते निदान दारावर लिहून लावा.

— लॅबमध्ये काम करणारी एक वाचक