पवनचक्क्यांची केबल अर्धी रिकामी का ठेवायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या आणि सोलर एकत्र म्हटलं की लोकांना वाटतं चक्कीच्या खांबालाच पॅनल चिकटवायचेत, पण खरा मुद्दा पॅनलचा नाहीये, केबलचा आहे.

साधारण 60 मीटरच्या पुढे खोली गेली की तळात खांब रोवणं परवडत नाही, म्हणून चक्की तरंगत्या पायावर उभी करून साखळ्यांनी नांगरतात. स्कॉटलंडजवळ हायविंड नावाचा प्रकल्प 2017 पासून असाच चालूय, 6 मेगावॅटच्या 5 चक्क्या. आता किनाऱ्यापर्यंतची केबल टाकावी लागते पूर्ण 30 मेगावॅटची, आणि वारा काय रोज सारखा वाहतो का? वेग निम्मा झाला की वाऱ्यातली ताकद निम्मी नाही, आठवा हिस्साच उरते, त्यामुळे चांगल्या जागेवरसुद्धा वर्षाची सरासरी निम्म्याच्या आसपासच राहते आणि एवढ्या महागड्या केबलची उरलेली क्षमता नुसती पडून.

तिथेच सोलर जोडा ना! उत्तर समुद्रात वारा जोर धरतो हिवाळ्यात, ऊन मिळतं उन्हाळ्यात, म्हणजे एक ढिला पडतो तेव्हा दुसरा हात देतो. दोन्ही एकदम फुल चालले तर थोडी वीज सोडून द्यावी लागेल, मान्य, पण असे तास कमीच आणि नवीन केबलच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

अडचण आहे ती लाटांची. तलावावरचे तरंगते पॅनल तसेच उचलून समुद्रात नेले तर सांधे निखळतात, मीठ चढतं, पक्ष्यांची घाण साचते, खाली शिंपले धरतात. नेदरलँड्सने 2019 पासून उत्तर समुद्रात चाचण्या केल्यात पण आकार अजून लहानच आहे. आणि दुरुस्ती! हायविंडच्या चक्क्यासुद्धा 2024 मध्ये मोठ्या कामासाठी ओढत नॉर्वेला न्याव्या लागल्या, मग पॅनलचे तराफे मध्ये पसरले तर बोटींना आणि ओढून नेणाऱ्या टगना वाट कुठून देणार हे नकाशावरच ठरवायला हवं, नंतर नाही.

माझं म्हणणं एवढंच की सोलरसाठी समुद्राचा वेगळा तुकडा देण्याआधी चक्क्यांच्या मधली जागा वापरा, दोन चक्क्यांत किलोमीटरभर किंवा जास्तच अंतर असतं, आणि तिथून मच्छीमार बऱ्याच ठिकाणी आधीच बाहेर गेलेत, त्यांचं आणखी पाणी कशाला घ्यायचं?

आपला,
एक नियमित वाचक