दार लागलं का?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, "त्याच दोन धक्क्यांमध्ये अकरा वर्षं ये-जा करून तुला कंटाळा कसा आला नाही?" उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि आता आमची फेरीबोट विकली गेली. तिचं वय एकतीस. उद्या नव्या मालकाचे खलाशी तिला घेऊन जातील, म्हणून आज लिहायला बसलोय.

लांब पल्ल्याचं मालवाहू जहाज एकदा बंदराबाहेर पडलं की दिवसचे दिवस एका गतीने चालत राहतं. फेरीबोटीला ते सुख नाही. नॉर्वेत २०१५ मध्ये 'अँपेर' नावाची बॅटरीवरची मोटारवाहू फेरीबोट सुरू झाली. तिची एक फेरी वीस मिनिटांची होती, आणि दिवसाला अशा सुमारे ३४. वर्षाच्या बारा हजारांवर झाल्या! तितक्या वेळा धक्क्याला लागायचं, तितक्या वेळा गाड्या चढा-उतरायचा रॅम्प टाकायचा आणि उचलायचा. आमच्या फेऱ्या यापेक्षा कमी होत्या, पण झीज त्याच जातीची. इंजिनाच्या आधी रॅम्पच्या बिजागऱ्या थकतात. गाड्यांची चाकं जिथून आत चढतात तिथला पत्रा आम्ही किती वेळा बदलला, ते मोजणंही सोडून दिलं होतं.

चढणाऱ्या माणसाला वाटतं, गाड्या येतील तशा आत घेतात. तसं नसतं. अवजड ट्रक मधल्या रांगांत घ्यायचे, दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवायचं. तरी बोट कलली तर एका बाजूच्या टाकीतलं पाणी पंपाने दुसऱ्या बाजूला न्यायचं. हवा खराब असली की ट्रकना साखळ्या आणि मोटरसायकलींना पट्टे. शिवाय धक्क्यावरून बोटीत नेणारा पूल भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत असतो, त्यामुळे सकाळचा उतार संध्याकाळी चढ झालेला असतो. पाण्याबरोबर हलणाऱ्या पुलाची ही युक्ती जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये १८५० मध्ये 'लेव्हायथन' फेरीबोटीवर आगगाडीचे डबे चढवायचे होते, तेव्हा टॉमस बाउच या अभियंत्याने पाण्याच्या उंचीप्रमाणे सरकवता येणारा रुळांचा उतार बनवला होता. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

पण तुला खरं सांगायचंय ते गाड्या आत येतात त्या दाराबद्दल.

इतर जहाजांच्या पोटात आडव्या भिंती असतात. पाणी शिरलं तर एका कप्प्यात अडतं. आमचा गाड्यांचा डेक मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा, नाहीतर गाड्या एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर कशा पडणार? या मोकळ्या डेकवर पाण्याचा उथळ थर आला तरी पुरतो. बोट जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं, कल वाढतो, आणि मग ती सावरत नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली. ज्याने ते लावायचं तो खलाशी केबिनमध्ये झोपला होता. ब्रिजवरून, म्हणजे कप्तान बोट चालवतो त्या खोलीतून, दार दिसत नव्हतं आणि ते लागलंय की नाही हे सांगणारा दिवाही तिथे नव्हता. बंदराबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ती दीड-दोन मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसं गेली. त्या दिवशी ना वादळ होतं, ना खडक. रोजची फेरी रोजच्यासारखीच निघाली होती.

मित्रा, कंटाळ्याची मला भीती वाटते ती यामुळे. दहा हजार वेळा दार लागलेलं असतं, म्हणून पुढच्या वेळी बघावंसं वाटत नाही.

आता ब्रिजवर दिवे असतात, कॅमेरे असतात. तरीही मी चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालचा अधिकारी, झाल्यापासून दर फेरीला सारंगला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, तोंडी विचारायचो, "दार लागलं का?" त्यानेही नुसतं "हो" म्हणून चालायचं नाही. दार बंद आणि खिट्ट्या बसल्या, दोन्ही वेगळं सांगायचं. एका पावसाळी संध्याकाळी ब्रिजवर दिवा हिरवा होता आणि सारंग म्हणाला, "साहेब, डावीकडची खालची खिट्टी मला पूर्ण आत गेलेली वाटत नाही." मी खाली गेलो. खारट पाण्याने गंजून खिट्टीचा सेन्सर 'लागली' याच खुणेवर अडकला होता आणि खिट्टी बोटभर बाहेर होती. आम्ही चाळीस मिनिटं निघालो नाही. लोक चिडले, एका गृहस्थांचं पुढचं विमान चुकलं, आणि त्यांचं बोलणं मी मान खाली घालून ऐकून घेतलं. वरिष्ठांनीही उशिराचं कारण लेखी मागितलं. त्या रात्री सारंगचा हात हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो.

गोदीतल्या दिवसांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. तिथे पाण्याखालचं अंग कोरडं होतं, पत्र्याची जाडी मोजली जाते, आणि इतकी वर्षं आपण कशावर उभे होतो ते डोळ्यांनी दिसतं.

आज संध्याकाळी रिकाम्या डेकवर एकटाच फिरून आलो. रांगांचे पिवळे पट्टे मधूनमधून पार पुसलेत. पंखे बंद असल्याने इतकी शांतता होती की साखळी पायाला लागली तरी दचकलो.

उद्या पहाटे पाचला ती सुटेल. बोट आता माझी नाही, पण नव्या कप्तानाकडे एक परवानगी मागून ठेवली आहे. दोर सोडण्याआधी मी एकदा खाली जाऊन दार बघून येणार आहे.

तुझाच,
मित्र