पुस्तक उघडं ठेवून ऐकणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न.

ऑडिओबुकच्या शेवटी लेखकाचं नाव येतं, वाचणारी म्हणून माझं येतं, पण माझं वाचन ऐकून चुका टिपणाऱ्या तुमचं येत नाही. म्हणून आभार खासगीत न मानता चारचौघांत मानतेय. रागावू नका.

मी मूळची डबिंगमधली. अंधेरीच्या स्टुडिओत पडद्यावरच्या ओठांकडे बघत एकेक तुकडा म्हणायचा, किंचाळायचं, रडायचं आणि पुढच्या पात्राकडे वळायचं. जाहिरात तर 30 सेकंदांची. 2017 साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं, मराठीला सुरुवातीपासून जागा मिळाली आणि आमच्यासारख्यांकडे कादंबऱ्या येऊ लागल्या. हेही डबिंगच, फक्त लांबलचक, अशी माझी समजूत होती. ती तुमच्या पहिल्याच चिठ्ठीपर्यंत टिकली.

मिनिट-सेकंद घालून लिहिलेली ती चिठ्ठी! ‘इथला ज “जरा” म्हणजे म्हातारपणातला आहे, “जरा थांब”मधला नाही.’ ‘प वर माइक फुटतोय.’ ‘आत्याबाई इथे मागच्या प्रकरणापेक्षा तरुण झाल्यात.’ पहिल्या दोन गोष्टी एखाद्या चांगल्या रेकॉर्डिस्टनेही पकडल्या असत्या, तिसरी नाही. कादंबरी कितीतरी दिवस रेकॉर्ड होत राहते. सकाळी आवाज जड असतो, दिवसभर वाचून संध्याकाळी थकतो, मध्येच सर्दी होते. ऐकणाऱ्याला मात्र सगळं एका बैठकीतलं वाटायला हवं. तेव्हापासून प्रत्येक पात्राचं एखादं वाक्य मी वेगळं ठेवते आणि ते ऐकल्याशिवाय बूथमध्ये शिरत नाही. आम्हाला पैसे तयार झालेल्या ऑडिओच्या तासाचे मिळतात, खुर्चीत काढलेल्या वेळाचे नव्हे, त्यामुळे पुन्हा रेकॉर्ड करणं वाचवणाऱ्या या एका सवयीनं माझं घरही सावरलंय.

पण खरं ऋण वेगळंच आहे. तुम्ही अंध वाचकांसाठी कॅसेटवर पुस्तकं वाचलीत. 90 मिनिटांची कॅसेट, एका बाजूला 45. वाक्य अर्ध्यावर असताना बाजू संपू नये म्हणून एक डोळा पुस्तकावर, एक घड्याळावर. तिथे तुमचं वाचन घडलं. म्हणून माझ्या हुंदक्यांवर तुम्ही लाल पेन चालवलंत: ‘तूच रडलीस तर ऐकणाऱ्यानं काय करायचं?’ कुजबुजीवरही तुमचा आक्षेप होता आणि त्याचं कारण मला कधी सुचलं नसतं. सरावलेले अंध श्रोते वेग वाढवून ऐकतात. त्या वेगात कुजबुजीतला शब्दच हरवतो. अभिनय म्हणून जे मी मिरवत होते, ते त्यांच्यासाठी पानावरच्या शाईच्या डागासारखं होतं.

(विनोदी पुस्तकांबाबत मात्र तुम्ही अती कडक आहात, हे माझं मत अजून बदललेलं नाही. तिथे थोडं नाटक लागतंच. भांडू या.)

आताशा नवी मुलं विचारतात, आवाज चांगला आहे, या क्षेत्रात यायला काय लागेल? मी त्यांना आधी एखाद्या अनोळखी माणसाला सलग तासभर वाचून दाखवायला सांगते, मोबाइल बाजूला ठेवून. बहुतेक जण परत विचारायला येत नाहीत. जे येतात, त्यांना तुमच्याकडे पाठवायचा मोह होतो, पण तुमचे कान माझ्यापुरते राखून ठेवण्याचा स्वार्थ मी सोडलेला नाही.

पुढची कादंबरी तळकोकणातली आहे, निम्मे संवाद मालवणीत. ऐकून ऐकून आणलेली मालवणी चार वाक्यांत उघडी पडेल. तुमच्या ओळखीत सावंतवाडी-कुडाळकडचं, घरात तीच बोली बोलणारं कुणी असेल तर कळवाल का? संवाद आधी त्यांच्याकडून म्हणून घेते, मगच माइकसमोर बसते.

तुमची,
बूथमधली मुलगी