बावीस किलोचं पोर: ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

आभार खरं तर त्याच रात्री मानायला हवे होते, पण तेव्हा मला फक्त झोप हवी होती. आता चारचौघांत मानते. आज आणखी कुणी आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) उघडून दोन रकाने एकत्र करत बसलं असेल, तर त्यांच्याही कामी येईल.

फोन केला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि माझं पहिलं वाक्य होतं, "ताई, दोन वर्षांचं पोर बावीस किलोचं कसं असेल हो?" तुम्ही हसला नाहीत. एवढंच विचारलंत, "बेरीज केलीस का?"

केली होती. जव्हारकडच्या पाड्यांवरच्या मुलांची वजनं आमच्याकडे दोन ठिकाणी होती. टॅबचं चार्जिंग संपलं की पुढची मुलं कागदी फॉर्मवर. दोन्ही फायली जोडल्यावर वजन डॉट एक्स आणि वजन डॉट वाय असे दोन रकाने समोर आले. एकात आकडा असेल तर दुसऱ्यात एनएच, म्हणजे 'नोंद नाही'ची खूण, असणार, असं मी धरून चालले, रोसम्स हे ओळीतल्या आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन लावलं, एनए वगळायला सांगितलं आणि मोकळी झाले. पण काही मुलांची नोंद दोन्हीकडे होती. त्यांचे 11.2 चे 22.4 झाले. आणि ज्यांचं वजन कुठेच नव्हतं, त्यांना आरने शून्य किलो बहाल केलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. ती शून्यं मला दिसलीही नव्हती. बावीस किलो डोळ्यांत खुपलं म्हणून वाचले.

मग मी एनए असलेल्या ओळी शोधायला दोनदा बरोबरचं चिन्ह टाकलं आणि उत्तरात नुसते एनए आले. वैतागून म्हटलं, एनए बरोबर एनए इतकंही याला कळत नाही? त्यावर तुम्ही विचारलंत, "सर्व्हेत दोन घरांपुढे 'घर बंद' लिहिलं असेल, तर दोन्ही घरांत माणसं सारखीच आहेत असं म्हणशील का?" त्यासाठी 'ही जागा रिकामी आहे का' असं विचारणारं इज-एनए का वापरायचं, हे मला त्या दिवशी कळलं. वापरत मात्र तीन वर्षं होते!

कोअलेस हे फंक्शन तुम्ही सांगितलंत. डावीकडून बघत जातं, पहिला भरलेला आकडा उचलतं, काहीच नसेल तर एनए तसाच ठेवतं. मी लगेच टाइप करायला लागले, तर तुम्ही थांबवलंत. "डावीकडे कोणता रकाना ठेवणार?" मी म्हटलं, कोणताही. "मग दोन्हीकडे आकडे आहेत आणि ते जुळत नाहीत, अशा ओळी आधी काढ."

सात निघाल्या. एकीत टॅबवर 12.1 आणि कागदावर 11.2. दुसऱ्या दिवशी कपाटातून मूळ फॉर्म काढले. सातांपैकी पाच ठिकाणी टॅबवर भरताना आकडे उलटसुलट झालेले. म्हणून कागद डावीकडे. हा निर्णय कुठलंही पॅकेज घेऊन देत नाही, आणि शिकवताना नेमका हाच भाग कुणी सांगत नाही, अशी माझी तक्रार आहे.

कागद डावीकडे ठेवल्यावर दुसरा सापळा. मूल रडून काट्यावर उभंच राहिलं नाही, की आमची मंडळी फॉर्मवर 99.9 लिहीत. कोअलेसला तो खरा आकडा वाटतो. टॅबवरचं चांगलं वजन बाजूला सारून तो 99.9 उचलतो. आधी त्याचा एनए करायचा, मग जोडायचं. तारखांचंही तसंच. भेटीच्या तारखा मी इफएल्सने, म्हणजे अट बघून दोन्हींतली एक किंमत उचलणाऱ्या फंक्शनने, जोडल्या होत्या आणि 14 मार्च 2023 च्या जागी 19430 येऊन बसलं होतं. मला वाटलं फाइल बिघडली. तुम्ही म्हणालात, "1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस मोजलेत त्याने. तारीखपणा इफएल्सने काढून टाकला, बाकी काही नाही." 'तारीखपणा' हा शब्द आता आमच्या खोलीत सगळे वापरतात.

शेवटी तुम्ही 'स्रोत' नावाचा आणखी एक रकाना करायला लावलात: कागद, टॅब, किंवा दोन्ही नाही. मला तेव्हा तो जादा उपद्व्याप वाटला होता. गेल्या आठवड्यात गाइड मॅडमनी एका वजनावर बोट ठेवून "हे कुठून आलं?" विचारलं, आणि मी स्क्रीनवरून नजरही न हलवता सांगितलं.

तीन मुलांची वजनं अजूनही कुठेच नाहीत. सरासरी भरून टाकायचा मोह झाला होता, पण ती रिकामीच ठेवली आहेत.

कपाटाची किल्ली आणि फॉर्मचा गठ्ठा शनिवारी आणून देते. त्यातला एक फॉर्म चहाने भिजलेला आहे. तो आधीपासूनच तसा होता, आईशप्पथ.

तुमची,
बावीस किलोवाली