कोंबडीचा पाय तरी उलटा करून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यानंतर कोंबड्या लंगडायला लागल्या की गावात एकच सल्ला मिळतो, कापून टाका. आमची ढवळी लंगडायला लागली तेव्हा मलाही घरात, शेजारी आणि खरं सांगते, जनावरांच्या दवाखान्यातसुद्धा हेच ऐकायला मिळालं. टोपलीत घालून पंधरा किलोमीटर नेली होती तिला, कोणी टोपलीवरचं फडकंही उचलून बघितलं नाही. म्हणून हे पत्र.

ढवळी वनराजा जातीची, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी काढलेली जात आहे ती, अंगाने गावठीपेक्षा जड. माझ्या मुलीने ती पिल्लू असल्यापासून वाढवलीय, हाक मारली की येते. गेल्या वर्षी आम्ही सारवलेलं अंगण काढून कोबा केला, आणि ही रोज सकाळी गोठ्याच्या आढ्यावरून, म्हणजे सहा फुटांवरून, त्याच कोब्यावर उडी मारायची. माती होती तोवर काही झालं नाही. मग एक दिवस एका पायावर उभी राहायला लागली, दाण्यालाही येईना.

शेवटी दुसऱ्या तालुक्यातल्या एका पशुवैद्यक बाईंनी तिला मांडीवर घेऊन पाय उलटा केला, तर तळव्याला मधोमध काळी खपली आणि आजूबाजूला सूज. आपल्याला कुरूप होतं ना तसंच दिसतं, पण आत पू असतो, बारीक जखमेतून जंतू शिरतात. त्या म्हणाल्या घरी ब्लेड लावू नका, खोल असेल तर ते काम डॉक्टरचं. बाकी रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा मिनिटं धरायचा, कोरडा करून बीटाडीन, वर कापसाची गादी आणि पट्टी, नंतर आपले हात साबणाने धुवायचे. औषध चालू असताना आणि नंतर त्या सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात द्यायच्या नाहीत. आम्ही तिला खोक्यात भाताचं तूस घालून एकटीला ठेवली, पाणी आणि दाणे चोचीजवळ, कारण कळपात बाकीच्या लंगडीला टोचतात. महिनाभर लागला. आता चालते नीट, बसायची काठी दीड फुटावर आणलीय आणि खाली तूस पसरलंय.

प्रत्येक लंगडी कोंबडी अशी बरी होत नाही हेही सांगायला हवं. शेजारच्या तलंगेचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा, एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणलेला होता, तो मॅरेक नावाच्या विषाणूचा आजार निघाला, त्याला औषध नाही, लस आहे पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी द्यायची असते, म्हणून फिरत्या विक्रेत्याकडून पिल्लं घेताना लस झालीय का हे विचाराच. पायासोबत मानही वळत असेल तर मानमोडी हा झपाट्याने पसरणारा रोग असू शकतो, तेव्हा ती कोंबडी लगेच वेगळी काढून दवाखान्यात कळवायचं, नाहीतर वाडीतल्या सगळ्या जातात. लहान पिल्लाची बोटं आत वळली असतील तर जीवनसत्त्व ब-२ कमी पडलेलं असू शकतं, ते लवकर दिलं तर पिल्लू उभं राहतं. आणि कधीकधी फक्त पायात दोरा नाहीतर केस गुंतलेला असतो हो! तो कापला की झालं.

पशुसंवर्धन विभागाला एवढीच विनंती आहे, १९६२ नंबरला गाय-म्हशीसाठी फोन केला की गाडी येते ही चांगली गोष्ट आहे, पण परसात कोंबड्या पाळायच्या योजना तुम्हीच देता तर दवाखान्यात आणलेली कोंबडीही तपासा. आणि कर्मचाऱ्यांना पायाची पट्टी कशी बांधायची तेही शिकवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

एक वाचक, ता. गुहागर