बेकिंग शिकायला मुंबईच कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपून उन्हाळी सुट्टी लागली की आपल्या सोलापूर आवृत्तीतील छोट्या जाहिरातींच्या रकान्यांत बेकिंगच्या क्लासच्या जाहिराती वाढू लागतात. एका दिवसात वीस-पंचवीस प्रकारचे केक शिकवण्याचे आश्वासन, मुंबईहून येणाऱ्या शेफचे छायाचित्र आणि ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्राचा उल्लेख या गोष्टी त्यांत बहुधा असतातच. आणि एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही अशा मुली सरळ मुंबई गाठण्याचा बेत करतात. मी सोलापुरात घरूनच केक, बिस्किटे आणि पाव यांचा व्यवसाय करते, त्यामुळे क्लास कोठे लावावा हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. ज्यांना पुढे आपल्याच गावात व्यवसाय करायचा आहे त्यांनी शिक्षणही शक्यतो आपल्याच जिल्ह्यात, किंवा आपल्यासारखीच हवा असलेल्या शेजारच्या जिल्ह्यात घ्यावे, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुंबईला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्याला मोठ्या हॉटेलच्या बेकरी विभागात नोकरी करायची आहे, त्याने १९५४ मध्ये सुरू झालेल्या दादरच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर प्रवेश घेऊन पूर्ण मुदतीचा अभ्यासक्रम करावा. तसे शिक्षण तालुक्याच्या गावी मिळणार नाही हे उघड आहे. माझा आक्षेप आहे तो दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळांना. त्यांच्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करायचा, शुल्काच्या जोडीला मुक्कामाचा खर्च सोसायचा, आणि घरी परतल्यावर वहीत उतरवून आणलेले प्रमाण आपल्या ओट्यावर जमत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसायचे, असे माझ्या ओळखीतील अनेकींच्या बाबतीत घडले आहे. दोष त्यांच्या हाताचा नसतो.

मुख्य फरक हवेचा आहे. पावाचे पीठ मळून झाल्यावर त्याचे तापमान साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस असावे, असा बेकरीतला सर्वसाधारण दंडक आहे. वातानुकूलित वर्गात नळाचे पाणी वापरूनही तो बहुधा आपोआप पाळला जातो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो, स्वयंपाकघर बाहेरच्यापेक्षा फार थंड नसते आणि मैद्याचा डबासुद्धा हाताला कोमट लागतो. अशा वेळी ‘तासभर झाकून ठेवा’ ही सूचना शब्दशः पाळली, तर पीठ वेळेआधीच फुगून खाली बसते, पावाला आंबूस वास येतो आणि भाजल्यावरही त्याची साल फिकट राहते. यावरचे उपाय अवघड नाहीत: पाणी बर्फाचे घ्यावे, यीस्ट कमी करावे आणि घड्याळापेक्षा पिठाच्या फुगवट्याकडे लक्ष द्यावे. परंतु ज्या शिक्षकाला ही अडचण स्वतः कधी आलेली नाही, त्याला हे सांगण्याचे सुचत नाही. उलट, हिवाळ्यातल्या पहाटे तेच पीठ हलत नाही, तेव्हा काय करावे हेही इथलीच शिक्षिका सांगू शकते.

क्रीमच्या केकचे तर याहून अवघड आहे. वनस्पतीजन्य स्निग्धांशापासून केलेली व्हिप क्रीम उणे १८ अंशांवर गोठवून साठवावी लागते, फ्रिजमध्ये ठेवूनच ती वितळू द्यावी लागते आणि थंड असतानाच फेटावी लागते. मुंबईत ती कोपऱ्यावरच्या दुकानात चांगल्या अवस्थेत मिळत असेल. आपल्याकडे ती बाहेरून येते, आणि वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठलेला खोका ओळखता आला नाही, तर कितीही फेटले तरी ती नीट फुलत नाही आणि फुललीच तर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत फुले घसरतात. कोणत्या दुकानदाराकडे डीप फ्रीझर रात्रीही चालू असतो, दुपारी दोन वाजता अक्कलकोटला जाणारा केक कसा पाठवायचा, कोणत्या महिन्यांत क्रीमऐवजी दुसऱ्या सजावटीची ऑर्डर सुचवायची, हे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेले नसते, पण धंदा त्यावरच चालतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या दमट हवेत फॉन्डंटला, म्हणजे केकवर लाटून घालायच्या साखरेच्या आवरणाला, पाणी सुटते. तिथल्या विद्यार्थिनीने सोलापुरात येऊन शिकावे असेही मी म्हणणार नाही.

विजेचा मुद्दा क्लासच्या जाहिरातीत कधीच येत नाही. घरगुती ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायची विजेची छोटी भट्टी, २३० व्होल्टच्या हिशेबाने बनवलेला असतो. संध्याकाळी दाब उतरून २०० व्होल्टवर आला, तर सळ्यांना मिळणारी शक्ती जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भट्टी आधीच पुरेशी तापवलेली असेल तर थोडेफार निभावते, नसेल तर केक मधोमध कच्चा राहतो आणि पाककृतीतल्या ‘१८० अंशांवर ३५ मिनिटे’ या सूचनेचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत फरक असू शकतो; म्हणून भट्टीत ठेवण्याचा साधा तापमापक घ्यायला लावणारा क्लास मी चांगला समजते. ज्या वर्गात हॉटेलातला मोठा, पंख्याने गरम हवा फिरवणारा कन्व्हेक्शन ओव्हन आहे आणि शिकणाऱ्या सगळ्या जणींकडे घरी लहान ओटीजी आहेत, तिथे शिकवले जाणारे आणि घरी करता येणारे यांचा मेळ बसणे कठीण.

आता जवळचा प्रत्येक क्लास चांगलाच असतो असे मी म्हणत नाही. तसे असते तर या पत्राची गरजच नव्हती. गावोगावचे बरेचसे क्लास हे प्रत्यक्षात सामान विकणाऱ्या दुकानाचा मागचा भाग असतात, आणि त्यांतली मोठी उणीव प्रीमिक्सची, म्हणजे तयार मिश्रणाच्या पाकिटाची, आहे. पाकीट फोडायचे, पाणी आणि तेल घालायचे, फेटायचे, भाजायचे. केक मऊ होतो, विद्यार्थिनी खूश होते, आणि त्याच क्षणापासून ती त्या एका कंपनीच्या पाकिटाची कायमची गिऱ्हाईक बनते. पाकिटाचा भाव वाढला किंवा माल आला नाही की तिचे काम थांबते, कारण मैदा, साखर, स्निग्धांश आणि फुगवणारे द्रव्य यांचे परस्परांशी नाते काय, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. बिनअंड्याच्या केकला आपल्याकडे मागणी मोठी आहे. श्रावणात आणि चातुर्मासात तर तीच अधिक. असा केक दही आणि सोड्यावर किंवा कंडेन्स्ड मिल्कवर करता येतो, मात्र दह्याच्या आंबटपणाप्रमाणे सोडा किती घ्यावा हे शिकावे लागते, नाहीतर केकला साबणासारखी चव येते. प्रीमिक्स वापरणे हा गुन्हा नाही, गर्दीच्या दिवसांत मीही वापरते. पण शिकवताना आधी सुटे जिन्नस आणि नंतर पाकीट हा क्रम असायला हवा.

म्हणून फी विचारण्याआधी क्लासला काही गोष्टी विचाराव्यात. एका भट्टीवर किती जणी असतील? पीठ प्रत्येकीला स्वतः मळायला मिळेल, की खुर्चीवर बसून पाहायचे? ‘प्रात्यक्षिक’ या शब्दाखाली पुष्कळदा शिक्षिकेचेच प्रात्यक्षिक असते. प्रमाण वाटीत सांगतात की ग्रॅममध्ये? पाव शिकवताना मैद्याला शंभर धरून पाणी, मीठ, यीस्ट यांचे शेकडा प्रमाण मांडायला शिकवले जाते का? ते एकदा समजले की एका किलोचे प्रमाण दहा किलोंना लावताना घोळ होत नाही. खर्चाचा हिशेब शिकवतात का, आणि त्यात वीज, खोका, रिबन व स्वतःची मजुरी धरतात का? माझ्या अनुभवात या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक क्लासचालक विषय बदलतात. शक्य असेल तर एक दिवस वर्ग पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारली गेली तर तेही एक उत्तरच आहे.

कायद्याची माहिती हा असाच वगळला जाणारा भाग. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही त्याखाली नोंदणी लागते. अंडे घातलेल्या पॅकबंद पदार्थावर मांसाहारी पदार्थाची खूण, म्हणजे चौकटीतला तपकिरी त्रिकोण, द्यावी लागते. पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घातले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट वापरण्यास २०१६ पासून मनाई आहे, तर तेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. खारी आणि पॅटिसला लागणारे सुटे मार्गारीन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा तेलापासून केलेला घट्ट स्निग्ध पदार्थ, कुठून आणायचे हे सांगताना त्याच्या वेष्टनावर काय वाचायचे हेही सांगणारा क्लास मला अजून भेटायचा आहे.

जवळचा क्लास निवडण्याचे एक अगदी व्यवहारी कारणही आहे. बेकिंग दोन दिवसांत कुणालाच येत नाही. ते क्लास संपल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, चुकत चुकत येते. तेव्हा मधोमध बसलेला केक डब्यात घालून शिक्षिकेकडे नेता आला, तिने तो कापून आतली जाळी पाहिली आणि ‘सोडा जास्त झाला’ किंवा ‘भट्टी आधी तापवली नव्हतीस’ असे सांगितले, तर जे कळते ते मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावरून कळत नाही. मुंबईचा शेफ कितीही सज्जन असला, तरी त्याच्या दर आठवड्याला नव्या तुकड्या असतात.

जुन्या बेकऱ्यांनाही आपण या विचारातून बाहेर ठेवतो, याचे मला आश्चर्य वाटते. दिवाळीच्या आधी मैदा, तूप आणि पिठीसाखर घरून नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची रीत आपल्याकडच्या गावांत अजून आहे. त्या भट्टीवरचा कारागीर तापमापकाशिवाय, हात आत धरून, भट्टी कधी नानकटाईला योग्य आणि कधी पावाला योग्य ते सांगतो. त्याला भाषण देता येणार नाही. पण एखाद्या क्लासने आपल्या विद्यार्थिनींना त्याच्याकडे पहाटेच्या पाळीत एकदा नेले, तर मला त्या क्लासबद्दल अधिक विश्वास वाटेल.

शासकीय संस्थांकडे थोडे लक्ष वेधते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत बेकर अँड कन्फेक्शनर हा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे, पण तो सगळ्या संस्थांत चालत नाही आणि जिथे चालतो तिथे तो पूर्णवेळ असल्याने संसार सांभाळणाऱ्या स्त्रीला झेपत नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँकांमार्फत जिल्हा पातळीवर चालवल्या जातात. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावरून त्यांचा नमुना घेतलेला असून तिथले प्रशिक्षण ग्रामीण भागातील तरुण-तरुणींसाठी विनामूल्य असते आणि त्यात व्यवसायाचा हिशेब व बँकेचे कर्ज यांचाही समावेश असतो. कृषी विज्ञान केंद्रांतून तृणधान्यांच्या प्रक्रियेची अल्पमुदतीची प्रशिक्षणे होतात. सोलापुरात रब्बी ज्वारीचे संशोधन केंद्र आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने तिचा पाव मैद्यासारखा फुगणार नाही, पण बिस्किटे, कुकीज आणि नानकटाई उत्तम होतात. मुंबईच्या कार्यशाळेत बदामाचे पीठ वापरून फ्रेंच मॅकरॉन शिकून आलेल्या मुलीला मोहोळ किंवा पंढरपुरात तो विकत घेणारे किती जण भेटणार? ज्वारीच्या बिस्किटांना मात्र रोजची गिऱ्हाइके आहेत.

जिथे बेकरीचा हा अभ्यासक्रम शिकवला जातो तिथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील भट्ट्या सायंकाळनंतर बंद असतात. त्यांच्यावर सहा ते आठ आठवड्यांचा, आठवड्यातून तीन दिवसांचा सायंकालीन वर्ग माफक शुल्कात सुरू करावा, आणि जिथे भट्टी नाही तिथे कृषी विज्ञान केंद्राने बचत गटांसाठी तो चालवावा, अशी माझी कौशल्य विकास विभागाला विनंती आहे. यासाठी नवी इमारत किंवा नवी योजना लागत नाही. निदेशकाचे जादा तासांचे मानधन आणि मैद्याचा खर्च यांची तरतूद पुरेशी आहे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. खाजगी क्लासच्या जाहिराती छापू नयेत असे मी सुचवणार नाही, पण जाहिरात स्वीकारताना एका तुकडीतील संख्या, भट्ट्यांची संख्या आणि शिक्षण सुट्या जिन्नसांवर की प्रीमिक्सवर, एवढा तपशील जाहिरातदाराकडून मागून घेता येईल. तसेच वर उल्लेखिलेल्या तिन्ही प्रकारच्या संस्थांच्या आगामी प्रशिक्षणांच्या तारखा आणि अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एकत्र द्याव्यात. या संस्थांच्या सूचना त्यांच्या स्वतःच्या फलकावर लागतात आणि त्या फलकापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया फार थोड्या असतात.

आपली विश्वासू,
एक गृहव्यावसायिक वाचक, सोलापूर