मा. वनमंत्री, मारणारा निघून गेला. त्या बदकाचं पुढे कोणी बघायचं?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. शेत हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून आहे. गेल्या रविवारी सकाळी ठिबकचा कॉक फिरवायला गेलो, तर बांधाच्या लव्हाळ्यात हळदी-कुंकू बदक पडलेलं. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. एक पंख मोडून लोंबत होता, पोटाखाली रक्त. पाण्याकडे सरकायला जायचं आणि गोल फिरून तिथंच पडायचं. आदल्या सांजेला छऱ्याच्या बंदुकीचे, म्हणजे एअरगनचे, आवाज ऐकले होते. हाती लागली ती पाखरं पिशवीत घालून मंडळी मोटारसायकलवर गेली. हे रात्रभर तिथंच.

वनखात्याला फोन लावला. "गाडी नाही, बघतो." दुपारी दोनपर्यंत कोणी आलं नाही. शेवटी गोणपाटात गुंडाळून, मांडीवर धरून, मुलाच्या गाडीवर बावीस किलोमीटर वनखात्याच्या कार्यालयात गेलो. मला शुगर आहे. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. तिथं पहिला प्रश्न, "हे तुमच्याकडे आलं कसं?" नाव, गाव, आधार नंबर लिहून घेतला. डॉक्टर रजेवर. साडेचारला बदकानं माझ्या हातात मान टाकली. साठीतल्या माणसाला चोर ठरवलंत साहेब, आणि मारणाऱ्याची चौकशी कोणी केली नाही.

माझे आजोबा शिकार करायचे, लपवत नाही. तितर, लावे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर त्यांनी सोडली. पण त्यांचा नेम होता: लागलेलं पाखरू झुडपात शिरलं तर अंधार पडेपर्यंत शोधायचं आणि सापडताच मान मोडायची. लहानपणी गलोलीनं पाडलेलं तितर मी भिऊन सोडून आलो, तर हाताला धरून परत नेलं. "तून त्याले दुखवलं, आता तूच सोडव."

अमेरिकेत बदकांच्या शिकारीला परवानगी आहे, तरी हाती आलेलं जखमी बदक लगेच मारलंच पाहिजे असा नियम आहे. आपल्याकडे शिकारच बंद, आणि ती बंदच राहावी. कायद्यात जखमी करणं हीसुद्धा शिकारच आहे. पण मी दया येऊन त्याची मान मोडली असती तर गुन्हेगार मी! बरा न होणारा प्राणी मारायची लेखी परवानगी कलम 11 खाली देता येते. रविवारी सकाळी माझ्या बांधावर ती कोण देणार होतं?

छर्रे शिशाचे असतात. असं पाखरू घार खाते, शिसं तिच्या पोटात जातं. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेनं 1991 मध्येच बंद केले. इथं साध्या छऱ्याच्या बंदुकीला परवानासुद्धा लागत नाही. अरुणाचलनं 2021 मध्ये लोकांकडून एअरगन जमा करून घ्यायची मोहीम काढली. ती जळगाव जिल्ह्यात का निघत नाही?

पावसाळ्यात धरणाचे 41 दरवाजे उघडले की कॅमेरे येतात. केळी वादळात आडवी झाली की पंचनाम्यासाठी आम्ही महिनाभर चकरा मारतो. माणसाचं हे, तर पाखराला कोण विचारणार? प्रत्येक खातं पुढच्या खात्याचा नंबर देतं आणि आम्ही फोन फिरवत बसतो. चाळीस वर्षं हेच चाललंय, सरकारं बदलली तरी.

मला सत्कार नको, आभाराचं पत्र नको. हिवाळ्यात हतनूरला सुट्टीच्या दिवशीही गस्त ठेवा. जखमी पाखराला वेदनेतून सोडवायचा अधिकार असलेला एक डॉक्टर तालुक्यात नेमा, त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. आणि माझं नाव ज्या वहीत लिहिलंय, त्यापुढे "जखमी पाखरू घेऊन आला" एवढं लिहायला सांगा.

बदक बांधावरच पुरलं. पंखातून निघालेला छर्रा औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. माणूस पाठवा, देतो.

आपला,
रावेर तालुक्यातला एक शेतकरी